महेलियाचं गाणं ऐकताना



आज एका बाईचं गाणं समजून घ्यायचं आहे. बाई अमेरिकेतली, गाणं इंग्रजी. आपल्यातल्या बहुतेक जणींना त्यातले शब्द कळणार नाहीत. हा भाग रेडिओवर लागला तेव्हा आम्ही मध्ये मध्ये तिची गाणी वाजवली होती. कागदावर ती वाजवता येत नाहीत, म्हणून इथे थोडी जास्त फोड करून सांगतो. घरात मोबाईल असेल तर ‘महेलिया जॅक्सन’ एवढं नाव त्याला बोलून सांगा, गाणी सापडतील. गटाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ऐकता आली तर फारच बरं, कारण हे गाणं एकटीनं ऐकायचं नाहीच. का ते पुढे येईल.

तिला आम्ही ‘ती’ म्हणणार आहोत. एवढ्या मोठ्या बाईला ‘त्या’ म्हणायला हवं हे कळतं. पण आपल्याकडे आईला नि विठाईला कुणी ‘त्या’ म्हणत नाही.

महेलियाचा जन्म २६ ऑक्टोबर १९११ चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या न्यू ऑर्लिन्स शहरातला. मिसिसिपी नावाची मोठी नदी तिथून वाहते. नदीच्या बांधाजवळच्या वस्तीत तिचं घर होतं. खोल्या तीन आणि माणसं तेरा. तिचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेतल्या कापसाच्या आणि उसाच्या शेतांत विकत घेतलेल्या गुरांसारख्या राबवल्या गेल्या. ती गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली. तरी दक्षिणेत काळ्या माणसांची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाणी प्यायचा नळ वेगळा, हे महेलियाच्या आयुष्यातली बरीच वर्षं चालूच होतं. पाणवठा वेगळा असणं म्हणजे काय, ते आपल्याकडे समजावून सांगायला नको.

आई ती लहान असतानाच गेली. मग तिला ड्यूक मावशीनं सांभाळलं. मावशी कडक शिस्तीची. घरात काम, चर्चमध्ये देवाचं गाणं, बाकीचं काही चालायचं नाही. शाळा अर्ध्यातच सुटली आणि लोकांचे कपडे धुण्या-इस्त्रीची कामं मागे लागली. गाण्याची शाळा तर तिनं कधी पाहिलीच नाही. गाण्याचं लिहिलेलं कागदावरचं स्वरलेखन तिला शेवटपर्यंत वाचता येत नव्हतं.

मग ती गायला शिकली कुठे? तीन ठिकाणी, आणि ही तीन ठिकाणं लक्षात ठेवली की तिचं गाणं उलगडतं.

पहिलं ठिकाण तिच्या घरच्यांचं चर्च, बॅप्टिस्ट पंथाचं. तिथे गाण्याची एक जुनी रीत होती. गुलामीच्या काळात बहुतेकांना वाचता येत नव्हतं, गीतांची पुस्तकं सगळ्यांच्या हातात नव्हती. मग एक जाणता माणूस ओळ आधी मोठ्यानं म्हणून दाखवी आणि सगळी मंडळी तीच ओळ अगदी सावकाश, ओढून ओढून गात. गीतं बहुधा इंग्लंडच्या आयझॅक वॉट्स नावाच्या धर्मोपदेशकाची, म्हणजे गोऱ्यांच्या देशातून आलेली. पण चाल अशी काही लांबवलेली की एका अक्षरावर पाच-सहा सूर फिरून यावेत. प्रत्येक जण आपापल्या श्वासानं, आपापल्या वळणानं गाई, आणि तरी सगळ्यांचं मिळून एकच गाणं होई. लाट येते तसं. कुणी आधी, कुणी मागून.

दुसरं ठिकाण घराजवळचंच दुसरं एक चर्च. तिथली मंडळी आणखी गरीब. त्यांच्याकडे ऑर्गन नव्हता. ढोल, झांजा, आपल्या खंजिरीसारखं एक वाद्य, आणि प्रत्येकाचे दोन हात नि दोन पाय. सगळं अंग गाण्यात. महेलिया पुढे सांगायची की तिच्या गाण्यातला ठेका त्या चर्चमधून आला. ती त्या चर्चची नव्हती. तिनं तो नुसता कानावर पडून उचलला.

तिसरं ठिकाण मावशीला ठाऊक नव्हतं. मावशी बाहेर गेली की ही पोर बेसी स्मिथच्या तबकड्या ऐकायची. बेसी स्मिथ ही ब्लूज गाणारी फार मोठी गायिका. ब्लूज म्हणजे काळ्या माणसांची प्रपंचाची, विरहाची, दारिद्र्याची गाणी. देवाधर्माच्या घरात त्यांना मज्जाव. आपल्याकडे तमाशातली लावणी चोरून ऐकणाऱ्या पोरी असायच्याच की. बेसीकडून महेलियानं सूर वाकवायचं शिकून घेतलं. म्हणजे ठरलेल्या सुरावर थेट न जाता त्याच्या जरा खालून यायचं, घासत यायचं, आणि पोचल्यासारखं करून पुन्हा घसरायचं.

आता मोबाईलवर तिचं ‘अमेझिंग ग्रेस’ लावा. हे गीत जॉन न्यूटन नावाच्या इंग्रजानं लिहिलं. हा माणूस एके काळी गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा कप्तान होता आणि पुढे धर्मोपदेशक झाला. ज्यांना त्याच्यासारख्यांनी जहाजात कोंबून नेलं, त्यांच्याच नातवंडांनी त्याचं गीत आपलं करून टाकलं, हे आम्हाला फार विचित्र आणि फार मोठं वाटतं. असो. गाणं ऐका. शब्दांच्या मागे लागू नका. ती श्वास कुठे घेते तेवढं बघा. शिकलेला गवई ओळ संपल्यावर श्वास घेतो. ही कधी शब्दाच्या मधोमध थांबते. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चढ चढणारी बाई मध्ये थांबते आणि परत निघते, तसं. आणि थांबल्यावर जो सूर येतो तो आधीपेक्षा मोठा येतो. ताल असा मोजायला जाल तर सापडायचा नाही. जात्यावर बसलेल्या बाईला कुणी ताल धरून देत नाही, हाताच्या फेऱ्याबरोबर ओवी लांबते-आखडते, तशातलाच हा प्रकार. हे आलं पहिल्या ठिकाणाहून.

नंतर तिचं एखादं जलद गाणं लावा आणि एक गंमत करा. एक, दोन, तीन, चार असं मोजा. आपण भजनात टाळी बहुतेक वेळा पहिल्या मात्रेवर देतो. इथे ती दोनवर आणि चारवर द्यायची. एकवर पाय, दोनवर टाळी, तीनवर पाय, चारवर टाळी. रेडिओच्या खोलीत आम्ही करून पाहिलं तेव्हा आमच्या टाळ्या सारख्या एकवर जाऊन पडत होत्या आणि हसून हसून पुरेवाट झाली. पण एकदा जमलं की अंग आपोआप डोलायला लागतं. हे दुसऱ्या ठिकाणाहून आलं, त्या ऑर्गन नसलेल्या चर्चमधून.

१९२७ च्या सुमारास, सोळाएक वर्षांची असताना, ती उत्तरेला शिकागो शहरात दुसऱ्या मावशीकडे आली. त्या काळात दक्षिणेतली लाखो काळी माणसं अशीच गाव सोडून उत्तरेच्या कारखान्यांच्या शहरांत जात होती. आपली माणसं गिरण्यांसाठी मुंबईला गेली तशी. शिकागोत तिला नर्स व्हायचं होतं म्हणतात. वाट्याला आलं धुणं, हॉटेलातल्या खोल्या झाडणं, लोकांच्या घरची कामं. आणि रविवारी चर्चमध्ये गाणं.

इथे तिला एक नवीनच अडचण आली. शिकागोतली काळ्या लोकांची मोठी, जुनी चर्च शिकल्या-सवरल्या मंडळींची होती. तिथले गायकवृंद युरोपच्या शास्त्रीय पद्धतीनं, एका जागी उभं राहून, नीटनेटकं गात. त्यांना दक्षिणेतून आलेली ही पोरगी, जी टाळ्या वाजवते, डोलते, कधी गाता गाता गुडघ्यावर येते, ती गावंढळ वाटली. यात गोऱ्यांनी हिणवलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. इथे आपलीच माणसं म्हणत होती, आम्हाला लाज आणू नकोस. एका पाळकांनी तिच्या टाळ्यांबद्दल नापसंती दाखवली, तेव्हा तिनं त्यांना बायबलातलं स्तोत्र दाखवलं, सत्तेचाळिसावं. त्याची सुरुवातच लोकांना टाळ्या वाजवायला सांगून होते. पाळकांना बायबल दाखवणारी ही धुणं धुणारी मुलगी. आम्हाला तर हा प्रसंग फार आवडला.

तरी मनात शंका राहतेच ना? आपलं खरंच चुकत असेल तर? म्हणून १९३२ च्या सुमारास तिनं चार डॉलर भरून एका गाण्याच्या मास्तरांकडे शिकवणी लावली. चार डॉलर म्हणजे तिच्यासाठी कितीतरी दिवसांची मजुरी. मास्तर स्वतः काळेच, नावाजलेले. त्यांनी तिचं गाणं ऐकलं आणि सांगितलं की हे ओरडणं बंद कर, असं गाणं आपल्या समाजाला शोभत नाही, गोऱ्यांना समजेल असं गा. ती पहिलीच शिकवणी तिची शेवटची ठरली. गाण्याचं औपचारिक शिक्षण म्हणाल तर तेवढंच.

या एका गोष्टीपाशी थांबायला हवं. त्या मास्तरांना दुष्ट म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ज्या समाजाला जनावरासारखं वागवलं, त्यानं आम्हीही तुमच्याइतकेच सुसंस्कृत आहोत हे दाखवायची धडपड करणं साहजिक होतं. फक्त ते दाखवताना आपल्या आज्यांचा आवाज खोलीबाहेर ठेवायचा का, एवढाच प्रश्न होता. ज्याला ते ओरडणं म्हणत होते, ते विद्यालयाबाहेर शिकलेलं शिक्षण होतं. त्याला अक्षर नव्हतं, वही नव्हती, पण दोनशे वर्षांची तालीम होती. ‘हळू बोल’, ‘चारचौघांत गळा काढू नकोस’, हे ऐकत मोठ्या झालेल्या बायकांना ही गोष्ट निराळ्या अंगानंही कळेल. महेलियानं आवाज बदलला नाही. तिला दुसरं काही येत नव्हतं म्हणून नव्हे. दुसरं गाऊन भरपूर पैसे मिळत होते, ते पुढे सांगतोच.

तिच्यासारखाच वळणाचा एक माणूस शिकागोत होता, थॉमस डॉर्सी. आधी ब्लूजचा पियानोवादक, बाजारी गाण्यांचा. १९३२ साली तो गावाबाहेर असताना त्याची बायको बाळंतपणात गेली आणि लगोलग बाळही गेलं. त्या दुःखात त्यानं ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत रचलं. देवा माझा हात धर, मी दमलोय, असा त्याचा भाव. ब्लूजची चाल आणि देवाचे शब्द एकत्र आणून या माणसानं जे उभं केलं त्याला गॉस्पेल म्हणतात. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. चर्चवाल्यांनी त्यालाही आधी दारातून परत पाठवलं. मग डॉर्सी गीतं छापून आणी, महेलिया ती रस्त्याच्या कोपऱ्यावर, छोट्या छोट्या चर्चांत गाऊन दाखवी, आणि लोक दहा-दहा सेंटला तो कागद विकत घेत. भाजीच्या पाटीसारखा गाण्यांचा धंदा.

आपल्याकडेही असं झालेलं आहे बरं का. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणलं. तोवर मराठी चर्चमध्ये बऱ्याचदा विलायती चालींवर बसवलेली गीतं गायली जात. देवाला आपल्या चालीत हाक मारली तर चालते का, हा प्रश्न अहमदनगरलाही होता आणि शिकागोलाही.

महेलियाचं लग्न १९३६ साली झालं. नवरा शिकलेला, रसायनशास्त्र जाणणारा, पण मंदीच्या दिवसांत हाताला काम नाही. त्याचं म्हणणं, एवढा आवाज असून चर्चमध्ये चिल्लर का गोळा करतेस? नाटकात गा. एका संगीत नाटकासाठी त्यानं तिला चाचणीला पाठवलं. ती गेली, निवडलीही गेली. घरी आली तर नवऱ्यालाच नोकरी मिळाल्याचं कळलं, आणि तिनं नाटकाला नाही म्हणून टाकलं. पुढेही ब्लूज गायचे, रात्रीच्या क्लबांत गायचे मोठमोठे पैसे देऊ करणारे आले. ती नाहीच म्हणत राहिली. तिचं कारण असं की ब्लूज गाऊन झालं तरी दुःख तुमच्यापाशीच राहतं, गॉस्पेल गाऊन झालं की हातात आशा उरते. बेसी स्मिथचा सूर तिनं सोडला नाही, फक्त त्याचं तोंड देवाकडे फिरवलं. लग्न मात्र टिकलं नाही.

पैशाच्या बाबतीत ती भोळी नव्हती. शिकागोत तिनं केशभूषेचं दुकान काढलं, नंतर फुलांचं दुकान काढलं. अंत्यविधींना तिला गायला बोलवत, तेव्हा हे दोन्ही धंदे एकमेकांना धरून चालले. कार्यक्रमांचे आयोजक काळ्या कलावंतांना फसवत, गाणं संपलं की माणूस गायब. म्हणून तिनं नियमच केला, पैसे रोख आणि हातात. कंजूष म्हणाले, म्हणू दे.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते आणि ती लपवून उपयोग नाही. महेलियाबरोबर वर्षानुवर्षं पियानो वाजवणारी मिल्ड्रेड फॉल्स नावाची बाई होती. तिची गाणी ऐकताना पियानोचा खालचा, जाड सूर ऐका, डाव्या हाताचा. चालणाऱ्या बैलजोडीसारखा तो गाणं ओढून नेतो. महेलिया कुठे थांबेल, कुठे ओळ पुन्हा घेईल, काही ठरलेलं नसे, आणि मिल्ड्रेड बरोबर तिथे हजर. त्या साथीचं मोल तिला पुरतं मिळालं नाही, मानधन तुटपुंजंच राहिलं, असं महेलियाबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे. स्वतःच्या मजुरीसाठी इतकी जागरूक बाई, आणि सोबतिणीच्या मजुरीच्या वेळी हात आखडता. गाणं आवडलं म्हणून बाई देव होत नाही.

१९४७ साली तिनं ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. रचना मेम्फिस शहरातले पाळक हर्बर्ट ब्रूस्टर यांची. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं बसे. हे मावेना, म्हणून तबकडीच्या दोन्ही बाजूंवर अर्धं अर्धं घातलं. गाण्यात स्वर्गात पोचलेला भक्त एकेका संताला भेटत जरा वर, आणखी जरा वर चढत जातो. ऐकणाऱ्यांना त्यातला दुसरा अर्थही बरोबर कळला. इथे, या जगातसुद्धा वर चढायचं आहे. ब्रूस्टर यांनी पुढे स्वतःच सांगितलं की तो अर्थ त्यांच्या मनात होता. आपल्या ओव्यांत सासूला नाव न घेता सुनावतात, तशातला हा चलाखपणा. तबकडी इतकी खपली की दुकानांना पुरवता येईना. देवाच्या गाण्याच्या तबकडीला तोवर असं गिऱ्हाईक कुणी पाहिलं नव्हतं.

हे गाणं ऐकताना पुनरावृत्ती ऐका. एकच ओळ ती परत परत घेते. पहिल्यांदा सांगितल्यासारखी, मग विचारल्यासारखी, मग जिन्याच्या एकेका पायरीसारखी. रेकॉर्डवर नुसता पियानो आणि ऑर्गन आहे. खऱ्या मैफिलीत मात्र समोरचे लोक उत्तर देत, हुंकार देत, ‘हो ग’, ‘सांग सांग’ अशा अर्थाचं ओरडत. ते गाण्यात आडवं येत नसे, तो गाण्याचाच अर्धा भाग. पोवाड्यात शाहिराला झीलकरी लागतात, भजनात बुवांना टाळकरी लागतात. म्हणून आम्ही सुरुवातीला म्हटलं, हे एकटीनं ऐकायचं गाणं नाही.

१९५० साली ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. अमेरिकेतलं हे फार मानाचं सभागृह. नंतर युरोप, रेडिओ, टीव्ही, सगळं झालं. तरी दक्षिणेत कार्यक्रमाला गेली की गोऱ्यांच्या खानावळीत तिला जेवण नाही, हॉटेलात खोली नाही. खाणं घरून बांधून न्यायचं आणि झोपायचं गाडीत. गाडी मोठी घेतली ती त्यासाठीही. १९५६ साली शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत तिनं घर घेतलं, तर खिडक्यांतून बंदुकीच्या गोळ्या आल्या. सभागृहात टाळ्या आणि दारात गोळ्या, दोन्ही त्याच आवाजासाठी.

त्याच दिवसांत तिकडे माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला होता. रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईनं १ डिसेंबर १९५५ ला बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला, तिला अटक झाली, आणि मग ३८१ दिवस लोक कामाला पायी गेले. त्यात धुणी-भांडी करणाऱ्या बायका कितीतरी. या चळवळीच्या मदतीसाठी महेलिया डिसेंबर १९५६ मध्ये तिथे गायली, एक पैसा न घेता. रोखीचा नियम तिनं इथे बाजूला ठेवला. ज्या ॲबरनाथी कुटुंबाकडे ती आणि मिल्ड्रेड उतरल्या, त्यांच्या घरावर पुढच्याच महिन्यात बॉम्ब टाकला गेला.

तिथून मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी तिची मैत्री जमली. किंग फार खचले की तिला फोन करत आणि ती फोनवर गाऊन दाखवी. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोक जमले. किंग यांच्या भाषणाआधी त्यांच्याच सांगण्यावरून तिनं एक जुनं, गुलामीच्या काळातलं गीत गायलं. अपमान झाला, हिणवलं गेलं, तरी वाट सोडली नाही, असा त्याचा भाव. सुरुवात इतकी हळू की एवढ्या गर्दीत कुणी कानात बोलावं. मग तिनं ‘हाउ आय गॉट ओव्हर’ हे जलद गाणं घेतलं, आणि तो समुदाय टाळ्यांवर डोलायला लागला. या दोन गाण्यांचं चित्रण आजही बघायला मिळतं. जरूर बघा.

किंग बोलायला उभे राहिले. लिहून आणलेलं भाषण वाचत होते. महेलिया मागे बसलेली. तिनं मोठ्यानं सांगितलं की यांना त्या स्वप्नाबद्दल सांगा. स्वप्नाची गोष्ट त्यांनी आधी दुसरीकडे बोललेली होती, या कागदात नव्हती. किंग यांनी कागद बाजूला सारला. पुढे जे आलं ते जगभरच्या शाळांत शिकवतात. भाषणाच्या मध्ये ओरडणं सभ्य माणसाचं लक्षण नाही, खरंच. पण तिच्या चर्चमध्ये उपदेशकाला असंच पुढे ढकलत, मंडळीतून आवाज देऊन. तिनं फक्त झील दिली.

१९६८ च्या एप्रिलमध्ये किंग यांना गोळी घातली. त्यांच्या अंत्यविधीला महेलिया ‘प्रेशस लॉर्ड’ गायली. डॉर्सीनं बायको-मुलाच्या मरणात लिहिलेलं तेच गीत.

भारतातही ती येऊन गेली, हे आम्हालाही हा भाग करताना समजलं. १९७१ साली कोलकाता, दिल्ली, मद्रास आणि मुंबई इथे तिचे कार्यक्रम झाले, तिकिटं दोन तासांत संपली, आणि दिल्लीत तिची इंदिरा गांधींशी भेट झाली. मुंबईत त्या रात्री तिला ऐकणारी कुणी म्हातारी आज आपल्या भागात असेल तर तिनं आम्हाला जरूर कळवावं. तब्येत तोवर ढासळली होती, मधुमेह आणि हृदयाचं दुखणं, दोन्ही. तरी फिरत होती. २७ जानेवारी १९७२ ला, साठाव्या वर्षी, ती शिकागोजवळच्या रुग्णालयात वारली.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर आधी ‘मूव्ह ऑन अप’ लावा, टाळी दोनवर धरायची आठवण ठेवून. ‘अमेझिंग ग्रेस’ निवांत, कामं आटोपल्यावर. ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ नावाच्या १९५९ च्या सिनेमात ती एका अंत्यविधीच्या प्रसंगी गाते, तो तुकडा वेगळा मिळतो. त्यात नुसता तिचा चेहरा पाहिला तरी गाण्याचा अर्थ लागतो. ‘प्रेशस लॉर्ड’ शेवटी.

शिकागोत तिच्या निरोपाला अरेथा फ्रँकलिन गायली. अरेथा लहान होती तेव्हा महेलिया डेट्रॉइटला तिच्या वडिलांच्या घरी यायची, स्वयंपाकघरात शिरून रांधायची आणि गायची. त्या दिवशी अरेथानंही ‘प्रेशस लॉर्ड’च घेतलं, मोकळ्या गळ्यानं.